मागच्या चाकांचा ब्रेक : एका फटीचा इतिहास

मोटारगाडीचा इतिहास सांगू लागले की बहुधा एंजिनाचाच इतिहास सांगितला जातो. किती अश्वशक्ती वाढली, ताशी किती मैलांचा पल्ला गाठला, कोणत्या शर्यतीत कोण जिंकला, या गोष्टींना श्रोतेही पुष्कळ आणि ग्रंथही पुष्कळ. वाढलेला वेग आवरण्याची कथा मात्र फारशी कोणी सांगत नाही. वास्तविक ज्या दिवशी मनुष्याने घोड्यावाचून चालणारी गाडी रस्त्यावर आणली, त्याच दिवशी ती थांबवावी कशी हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला होता. घोडा निदान दमला म्हणजे आपणहून थांबतो.

मोटारीच्या मागच्या चाकात लोखंडाचा एक उथळ ढोल असतो. कारागीर त्याला ड्रमच म्हणतात. हा ड्रम चाकाबरोबर फिरतो. त्याच्या पोटात अर्धचंद्राकृती दोन लोखंडी शू स्थिर असतात आणि त्यांच्या पाठीवर घर्षणाचा लायनर चिकटविलेला असतो. चालकाने पायाखालची पट्टी दाबली की दोन्ही शू फाकतात, लायनर ड्रमला आतून घासतो आणि चाक मंदावते. पाय उचलला की कमानी त्यांना पुन्हा जवळ ओढतात. या विश्रांतीच्या अवस्थेत लायनर आणि ड्रम यांच्यामध्ये जाड कागद कसाबसा मावेल एवढीच फट राहावयास हवी. ती वाढली तर पायाची पट्टी थेट तळाला टेकते आणि गाडी मात्र पुढे जातच राहते. ती नाहीशी झाली तर ड्रम तापतो, लायनर जळतो आणि चाकातले ग्रीस वितळून वाहू लागते. पंचाईत अशी की गाडी थांबविताना दर वेळी लायनर थोडा झिजतो, म्हणजे ही फट दर वेळी किंचित रुंदावते. ती पुन्हा अरुंद करावयाची कोणी? मोटारीच्या पहिल्या साठ-सत्तर वर्षांत या प्रश्नाचे उत्तर एकच होते. ते काम मालकाचे, नाहीतर त्याच्या चालकाचे.

या कामाचा पहिला प्रसंग ड्रमच्याही आधीचा आहे आणि तो एका स्त्रीच्या नावावर आहे. १८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यात बर्टा बेंझ ही जर्मन गृहिणी आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन, पती कार्ल बेंझ यांना न सांगता, त्यांनी बनविलेल्या तीन चाकांच्या मोटारीतून मानहाइमहून फोर्ट्सहाइमला माहेरी निघाली. अंतर सुमारे शंभर किलोमीटरांचे होते आणि इतका लांबचा प्रवास तोपर्यंत मोटारीने कोणी केलेला नव्हता. त्या गाडीचे ब्रेक म्हणजे चाकाला बाहेरून टेकणारे लाकडी ठोकळे. वाटेतल्या उतारांवर ते झिजले. तेव्हा बाउश्लॉट नावाच्या गावी तिने एका चांभाराकडून त्या ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकचा पहिला लायनर तो हाच, असे मानण्यास हरकत नाही. ब्रेकच्या त्या भागाला पुढे शू हे नाव रूढ झाले, त्याचा या चांभाराशी काही संबंध नाही. उतारावर गाडीच्या चाकाखाली घालावयाच्या ठोकळ्याला इंग्रजीत तो शब्द पूर्वीपासूनच होता. तथापि योग मोठा गमतीचा खरा.

चाकाच्या धावेवर बाहेरून ठोकळा दाबण्याची ही रीत बैलगाडीला आणि टांग्याला ठीक होती. हवा भरलेले रबरी टायर आले तेव्हा ती निकालात निघाली, कारण ठोकळ्याने टायरच फाटू लागला. मग चाकाला वेगळा ड्रम जोडून त्याच्याभोवती बाहेरून पट्टा आवळण्याची युक्ती निघाली. हा पट्टा गाडी पुढे जात असताना छान आवळला जाई, परंतु चढावर गाडी मागे घसरू लागली की नेमका त्याच वेळी सैल पडे. त्यामुळे कित्येक जुन्या मोटारींच्या पोटाखाली एक अणकुचीदार लोखंडी दांडा टांगलेला असे. चढावर गाडी थांबलीच तर तो जमिनीत रुतवून तिला मागे घसरू द्यावयाचे नाही, अशी ही योजना होती. शिवाय पट्टा उघडा असल्यामुळे पावसाचे पाणी आणि रस्त्यावरचा चिखल थेट त्याच्यावर येई.

१९०१ सालच्या, विल्हेल्म मायबाख यांनी आखलेल्या मर्सिडीज मोटारीच्या मागच्या चाकांना ड्रम होते. १९०२ मध्ये फ्रान्समध्ये लुई रेनो यांनी शू ड्रमच्या आत बसवून आतून बाहेर फाकणारा ब्रेक सिद्ध केला. त्यामुळे घर्षणाचा पृष्ठभाग बंद डबीत गेला, पाऊस-चिखलाची कटकट कमी झाली आणि दोन्ही दिशांना ब्रेक लागू लागला. या रचनेचा आणखी एक गुण होता. फिरणारा ड्रम एका शूला स्वतःबरोबर ओढू पाहतो आणि त्या ओढीने तो शू अधिकच जोराने ड्रमवर दाबला जातो. थोडक्यात, चालकाच्या पायाच्या जोरात चाक स्वतःच भर घालते. मोटारी जड होत गेल्या तरी माणसाचा पाय मुळात होता तेवढाच राहिला, म्हणून हा गुण अमूल्य ठरला. मात्र त्याला अवगुणाची जोडही आहे. उजव्या आणि डाव्या चाकातील फटी सारख्या नसतील तर एक चाक आधी आणि अधिक आवळते आणि गाडी एका अंगाला ओढली जाते. रस्ता ओला असला तर ती आडवीही होते. म्हणून मालकाच्या पान्याला केवळ फट कमी करून भागत नसे, दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या ठेवाव्या लागत.

आरंभीच्या पुष्कळ मोटारींत पायाचा ब्रेक चाकांवर चालतच नसे. तो एंजिनाकडून चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर किंवा गिअरपेटीत चाले आणि मागच्या चाकांचे ड्रम हातब्रेकच्या ताब्यात असत. १९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोटीहून अधिक संख्येने निघालेल्या फोर्डच्या टी मॉडेलची व्यवस्था अशीच होती. तिच्या गिअरपेटीतील ब्रेकचा पट्टा सैल झाला की मालक झाकण काढून नट आवळीत बसे. तो नट हातातून निसटून पेटीच्या तळाशी गेल्याच्या हकीकती त्या काळच्या मोटारमालकांत घरोघरी होत्या. इंग्लंडमध्ये १९२२ साली निघालेल्या चिमुकल्या ऑस्टिन सेव्हनला चारही चाकांवर ब्रेक होते खरे, परंतु पायाच्या पट्टीने मागची चाके आवळत आणि हाताच्या दांडीने पुढची. दोहोंची जोडणी १९३० मध्ये झाली. तोवर ही गाडी तातडीने थांबवावयाची तर चालकाला हात आणि पाय एकाच क्षणी वापरावे लागत. पुढच्या चाकांवर ब्रेक असावेत की नाहीत याबद्दल तर १९२०च्या सुमारास केवढा वाद होता! पुढची चाके आवळली तर गाडी कोलांटी खाईल, निदान सुकाणू तरी हातचे जाईल, असे जाणती माणसेही म्हणत.

चारही चाकांवर ब्रेक आले तेव्हा पायापासून प्रत्येक चाकापर्यंत दांड्या, सांधे आणि तारा यांचे जाळे गाडीच्या पोटाखाली पसरले. प्रत्येक सांध्याला झीज आणि प्रत्येक तारेला ताण. चारही चाके एकाच वेळी, एकाच जोराने थांबतील अशी जुळणी करणे म्हणजे तंबोऱ्याच्या चारही तारा सुरात लावण्यासारखे होते आणि चार खड्डे लागताच सूर पुन्हा उतरे. या जाळ्यातून सुटका केली ती तेलाने. माल्कम लॉगहेड या अमेरिकन संशोधकाने पायाचा दाब बंद नळ्यांतील द्रवाच्या साह्याने चाकांपर्यंत पोहोचविण्याची योजना केली. बंद द्रवातील दाब सर्वत्र सारखा पसरतो, हे पदार्थविज्ञानाचे जुने तत्त्व तिच्या मुळाशी आहे. त्याच्या आडनावाचे सोपे केलेले रूप म्हणजेच लॉकहीड हे नाव. १९२१ मध्ये ड्यूसेनबर्गच्या महागड्या मोटारीला चारही चाकांवर असे ब्रेक लागले. १९२४ मध्ये क्रायस्लरने गळणाऱ्या चामडी वाट्यांच्या जागी रबरी वाट्या घालून ते मध्यम किमतीच्या गाडीतही आणले. हेन्री फोर्ड मात्र दांड्यांवरच विश्वास ठेवून राहिले आणि त्यांच्या मोटारींना तेलाचे ब्रेक मिळाले ते १९३९च्या मॉडेलांपासून.

येथे एक गैरसमज पसरला होता आणि तो अजूनही पुरता गेलेला नाही. तेलाचे ब्रेक आले म्हणजे जुळणीचे काम संपले, असे पुष्कळांना वाटले. तेल दाब समान करते, फट समान करीत नाही. पायाची पट्टी एकदा दाबली की मुख्य नळकांड्यातून ठराविकच तेल पुढे जाते. फट रुंद असेल तर ते सगळे तेल शू ड्रमपर्यंत नेण्यातच खर्ची पडते आणि दाब निर्माण होण्यापूर्वीच पट्टी तळाला लागते. अशा वेळी चालक घाईघाईने पट्टीवर दोन-तीनदा पाय मारून ब्रेक ‘भरून’ घेतात. या सवयीला कौशल्य समजणारे चालकही आहेत. वस्तुतः ती मागच्या चाकाने केलेली तक्रार असते आणि आंबोलीच्या किंवा अनमोडच्या घाटात उतरताना ती ऐकू येऊन फारसा उपयोग नाही. लांब उतारावर ड्रम तापून प्रसरण पावतो, म्हणजे लायनरपासून आणखी दूर जातो. फट आधीच मोठी असेल तर उरलेसुरले अंतरही तेथेच संपते.

फट कमी करण्याच्या युक्त्या निरनिराळ्या कारखान्यांनी निरनिराळ्या काढल्या. इंग्लंडमध्ये आल्बर्ट गर्लिंग यांनी १९२५ मध्ये पाचरीने फाकणाऱ्या ब्रेकचे पेटंट घेतले. त्यांच्या नावाच्या ब्रेकमध्ये ड्रममागील तबकडीतून एक चौकोनी डोक्याचा खिळा बाहेर आलेला असतो. तो पान्याने फिरविला की आतली पाचर शूंना किंचित फाकविते आणि प्रत्येक पाव फेऱ्याला ‘खट्’ असा स्पर्श हाताला जाणवतो. लॉकहीड पद्धतीच्या काही ब्रेकमध्ये गोगलगाईच्या शंखासारखी वाढत जाणारी एक चकती असे आणि चाक काढून ड्रमच्या भोकातून पेचकसाने ती फिरवावयाची असे. अमेरिकन बेंडिक्स ब्रेकमध्ये दोन शूंच्या खालच्या टोकांना जोडणाऱ्या आडव्या स्क्रूवर दातेरी चाकी बसविलेली असते. तबकडीच्या फटीतून पेचकस घालून तिचे एकेक दात पुढे सरकवावयाचे.

भारतात या कामाची ओळख मध्यमवर्गाला झाली ती मुख्यत्वे दोन गाड्यांमुळे. एक, १९५७ पासून पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे बनलेली अँबॅसिडर. दुसरी, सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यातली फियाट, म्हणजेच पुढची पद्मिनी. दोघींनाही दीर्घकाळ चारही चाकांना ड्रमच होते. बडोदे असो, इंदूर असो की बेळगाव, रविवारी सकाळी अंगणात सतरंजीचा तुकडा पसरून गाडीखाली शिरलेला गृहस्थ हे त्या वर्षांतले नित्याचे दृश्य होते. गॅरेजचा खर्च वाचे हे एक कारण. दुसरे असे की आपल्या मुलाबाळांना घेऊन जी गाडी घाट उतरणार तिचा ब्रेक आपल्या हाताने पाहिलेला बरा, ही भावना.

काम तसे अवघड नाही, परंतु त्याचा क्रम चुकता कामा नये. मागच्या चाकांचे शू जुळवावयाचे तर हातब्रेक पूर्ण सोडावा लागतो, गिअर मोकळा ठेवावा लागतो आणि मागची चाके तर जमिनीवरून उचलायची असतात. म्हणजे गाडीला धरून ठेवणारे काहीच उरत नाही. म्हणून जमीन सपाट हवी आणि पुढच्या चाकांना दोन्ही अंगांनी दगड लावलेले हवेत. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, तिला पेलून धरण्यासाठी नसतो. आसाखाली भक्कम घोडी किंवा जाड लाकडी ठोकळे हवेत. विटा रचणे हा आत्मघात होय, कारण वीट न सांगता फुटते. यानंतर चाक हाताने फिरवीत पान्याने किंवा पेचकसाने शू फाकवीत जावयाचे. चाक जागच्या जागी घट्ट बसले की एकदा पायाची पट्टी जोराने दाबून सोडावयाची, म्हणजे शू ड्रमच्या मध्यभागी नीट बसतात. पुष्कळदा एवढ्यानेच चाक पुन्हा सैल झालेले आढळते आणि आणखी एक-दोन दात घ्यावे लागतात. शेवटी चाक मोकळे फिरेल इतके मागे यावयाचे. पुसटसा, अधूनमधून येणारा घासण्याचा आवाज राहिला तरी चालतो. सतत येणारा आवाज मात्र राहता कामा नये. मागच्या चाकांना गती देणाऱ्या गाडीत चाकाबरोबर आसातील दातेही फिरतात, त्यामुळे हाताला जो जडपणा लागतो तो ब्रेकचा समजून नवखा माणूस फट नको इतकी मोठी करून बसतो. मग हेच सारे दुसऱ्या चाकाला. आणि ते झाल्यावर, त्याच्या आधी नव्हे, हातब्रेकच्या तारेकडे वळावयाचे.

पुष्कळांचा हात चुकतो तो याच ठिकाणी. हातब्रेकची दांडी फार वर येऊ लागली की तार आवळून टाकणे हा सर्वांत सोपा उपाय वाटतो. आसनाजवळ बसून तो करता येतो, हात काळे होत नाहीत आणि दांडी लगेच घट्ट होते. परंतु तारेने शू अर्धवट ओढून धरलेले राहतात. लायनरची झीज झाकली जाते, भरून निघत नाही. मालकाला वाटते, ब्रेक सुधारला. तिकडे पायाच्या ब्रेकची फट होती तशीच वाढत असते.

आता लायनरविषयी. हर्बर्ट फ्रूड नावाच्या इंग्रज उद्योजकाने १८९७ मध्ये डर्बीशरच्या डोंगराळ मुलुखात घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी टिकाऊ लायनर बनविण्याचा उद्योग आरंभिला. आपल्या आडनावातील अक्षरे फिरवून आणि त्यांत एकाची भर घालून त्याने मालाला ‘फेरोडो’ हे नाव दिले. सुती विणीचा हा लायनर मोटारीच्या उष्णतेपुढे टिकेना, तेव्हा १९०८ च्या सुमारास त्याने अ‍ॅस्बेस्टॉसचा आश्रय केला. हे खनिज तंतूंसारखे विणता येते, जळत नाही, स्वस्तही मिळते. पुढची कित्येक दशके जगातील जवळजवळ प्रत्येक ब्रेक त्याच्यावर चालला. झिजलेला लायनर मात्र भुकटी होऊन ड्रममध्येच साठून राही. ड्रम उघडला की फुंकर मारून किंवा हवेच्या नळीने ती उडवून द्यावयाची, ही गॅरेजमधली आणि घरातलीही सर्वमान्य रीत होती. अंगणातल्या गृहस्थाच्या शेजारी पाना धरून त्याचा मुलगा बसलेला असे, हे येथे विसरून चालणार नाही.

धोक्याची सूचना आधी मिळालेली नव्हती असे मुळीच नाही. इंग्लंडमधील रॉचडेल येथे अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यात काम करणारी नेली केर्शॉ १९२४ साली वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी वारली आणि तिच्या फुप्फुसांतील तंतूंचे वर्णन त्याच वर्षी ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १९३० मध्ये मेरेवेदर आणि प्राइस यांचा सरकारी अहवाल आला आणि १९३१ मध्ये तेथे कारखान्यांसाठी नियम झाले. पण ते नियम कारखान्यापुरते होते. ड्रम उघडणाऱ्या मिस्त्रीला ते लागू नव्हते आणि मालकाला तर नव्हतेच. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील संशोधनाने फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाशी या तंतूंचा संबंध दाखवून दिला. तरीही ब्रिटनमध्ये पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी येण्यास १९९९ उजाडले. पंचवीस-तीस वर्षे शरीरात दबा धरून बसणारा हा रोग असल्यामुळे कोणत्या ड्रममधली धूळ कोणाला भोवली, याचा हिशेब कधीच लागणार नाही. जुन्या गाडीचा ड्रम आजही उघडावयाचा असेल तर धूळ फुंकू नये, कोरड्या फडक्याने झटकू नये. ओल्या फडक्याने पुसावी आणि ते फडके पिशवीत बांधून टाकून द्यावे.

दरम्यान फट भरण्याचे काम यंत्राकडे सोपविण्याचे प्रयत्न चालूच होते. अमेरिकेत स्टुडबेकरने १९४७च्या मॉडेलांत आपोआप जुळणारे ब्रेक दिले. १९५८च्या, विक्रीच्या बाबतीत पुरत्या फसलेल्या एड्सेल मोटारीतही ते होते. तिची विक्री फसली, पण ब्रेकची युक्ती चांगली होती. गाडी मागे नेताना ब्रेक दाबला की शू किंचित सरकतो आणि फट नेमकी जास्त असेल तरच एक तरफ दातेरी चाकीला एक दात पुढे ढकलते. अशा योजनांत मोठी अडचण होती ती तापलेल्या ड्रमची. उष्णतेने प्रसरण पावलेल्या ड्रमपर्यंत यंत्राने फट भरली आणि मग ड्रम थंड होऊन आकसला, तर चाक जखडून बसावयाचे. म्हणून पुढे काही रचनांत तापमानानुसार वाकणारी धातूची पट्टी घालून तापलेल्या वेळी जुळणी थांबविण्याची सोय केली गेली. काही गाड्यांत हे काम हातब्रेक ओढण्याने होते. तेथे हातब्रेकऐवजी गिअरमध्ये गाडी उभी करण्याची सवय असलेल्या मालकाची फट वर्षानुवर्षे भरलीच जात नाही. आणि हातब्रेकची तार अतोनात आवळून ठेवली तर तरफ मूळ जागी परतत नाही आणि स्वयंचलित यंत्र मुकाट बंद पडते. अंगणातल्या त्या जुन्या चुकीने येथेही आपली जागा शोधलीच!

१९५३ साली ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत तबकडीचे ब्रेक लावलेल्या जॅग्वारने विजय मिळविला, तेव्हा ड्रमचे दिवस भरले असे बोलले जाऊ लागले. पुढच्या चाकांच्या बाबतीत ते खरेही ठरले. मागची चाके मात्र आपल्या ढोलाला धरून राहिली. गाडी थांबताना भार पुढे झुकतो, मागच्या ब्रेकला काम थोडे पडते. शिवाय उभ्या गाडीला धरून ठेवण्यासाठी तारेने ओढला जाणारा ड्रम स्वस्तही पडतो आणि भरवशाचाही. २०१४ मध्ये अँबॅसिडरचे उत्पादन थांबले, २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली, आणि तरीही भारतातील लहान मोटारींपैकी बहुसंख्यांच्या मागच्या चाकांत ड्रम आहेतच. इतकेच नव्हे, फोक्सवॅगनने आपल्या आयडी थ्री आणि आयडी फोर या विजेच्या मोटारींना मुद्दाम मागे ड्रम बसविले. विजेची गाडी मंदावण्याचे पुष्कळसे काम तिची मोटरच करते. क्वचित वापरल्या जाणाऱ्या उघड्या तबकडीला गंज चढतो, बंद डबीतला ड्रम तेवढा गंजत नाही. १९०२ साली चिखलापासून बचाव म्हणून जी डबी बंद केली, ती अशी सव्वाशे वर्षांनंतर निराळ्याच कारणाने उपयोगी पडली आहे. या गाड्यांत फट जुळविण्याचे काम यंत्र करते. तपासणीच्या वेळी ड्रम उघडून लायनर किती उरला आहे, हे मात्र अजूनही कोणीतरी डोळ्यांनीच पाहावे लागते.